वसंत नव्हे, झिरा

शोकसभेत माणसाने चिडू नये, एवढं मलाही कळतं. पण त्या दिवशी आमच्या कॉलेजच्या सभागृहात झुगरे सरांच्या फोटोला हार घातला होता, उदबत्त्या लावल्या होत्या, आणि ज्यांनी सरांना हयातीत कधी चहाला विचारलं नाही ते एकेक जण उठून त्यांच्या साधेपणावर बोलत होते. इथपर्यंत मी गप्प होते. शेवटी बाहेरगावाहून आलेले एक विद्वान उभे राहिले आणि म्हणाले, "झुगरे सरांनी अमेरिकेतल्या डोंगरातला वसंत आपल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आणला." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, सर आत्ता इथे असते तर त्यांनी स्वतःचा फोटो भिंतीवरून काढून काखेत मारला असता आणि मोखाड्याची जीप पकडली असती. बाई म्हणाल्या, "मॅडम, हळू बोला." मी हळू बोलले नाही. बाहेर निघून आले. तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

किसन झुगरे हे जव्हारला आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. गाव सूर्यमाळकडचा एक पाडा. मोखाड्यात खोली घेऊन राहायचे आणि तिथून रोज वडापच्या जीपने जव्हारला यायचे. बुटके, काळेसावळे, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि बाराही महिने हातात छत्री. उन्हाळ्यात ती उघडत नसत, नुसती नाचवत. बोलताना छत्रीचं टोक समोरच्याच्या छातीपर्यंत यायचं. प्राचार्यसुद्धा त्यांच्याशी बोलताना दोन पावलं मागे उभे राहत.

सर चिडके होते. साधेभोळे वगैरे अजिबात नव्हते. खडूवर चिडत, जीपवाल्यावर चिडत, पेपरातल्या बातमीवर चिडत. "दुर्गम" या शब्दाचं तर त्यांना वावडंच होतं. एकदा एका कार्यक्रमात सूत्रसंचालकाने त्यांची ओळख "अतिदुर्गम भागातून आलेले" अशी करून दिली. सरांनी माईक हातात घेतला आणि पहिलं वाक्य टाकलं, "दुर्गम कोणाला? मला तर तुमचं ठाणं दुर्गम आहे. दोन गाड्या बदलाव्या लागतात." विद्यार्थ्यांनी गाईडमधलं वाक्य उतरवून आणलं की ते वही मिटायचे आणि विचारायचे, "हा शब्द कोणाच्या तोंडातला आहे? तुझ्या? तुझ्या आयच्या? मग कशाला आणलास इथे?" पोरं घाबरायची आणि त्यांच्यावर जीवही टाकायची.

मी साखरशेतची. घरची भातशेती, नाचणीची शेती, आणि वैशाखापर्यंत टिकणारी विहीर. ती विहीर सरांनी मला कधी विसरू दिली नाही. मी भूगोल शिकवायची आणि कवितेत तोंड घालायची, तेव्हा ते म्हणायचे, "मॅडम, तुम्ही पाणीवाले लोक. तुम्हाला ही बाय कळायची नाही."

ही बाय म्हणजे वेरा कोल्टर. अमेरिकेतली कवयित्री. आमच्या कॉलेजला कोणीतरी जुन्या पुस्तकांची खोकी दान दिली होती. स्वयंपाकाची, मोटारींची, कशाकशाची पुस्तकं. त्यात मुखपृष्ठ फाटलेलं एक पातळ पुस्तक सरांना सापडलं. ते त्यांनी जीपमध्ये वाचायला घेतलं आणि मोखाडा आलेलं त्यांना कळलं नाही. जीप तशीच पुढे खोडाळ्याकडे निघाली, तेव्हा ओरडून थांबवली आणि ड्रायव्हरलाच झापलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "मॅडम, आपली एक बाय अमेरिकेत राहते."

त्या बाईचं सगळं चरित्र सर गावातल्या बातमीसारखं सांगायचे. कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ मुलखात जन्मली. बाप खाणीत, आई लोकांचे कपडे धुणारी. शाळेत मास्तरणीने बोलण्यावरून हिणवलं. मोठी झाल्यावर पहिलं पुस्तक तिने त्याच घरच्या बोलीत लिहिलं, तर शहरातल्या एका समीक्षकाने छापून टाकलं की बाईंना कविता येते, आता त्यांनी इंग्रजी शिकावं. इथे सर थांबायचे आणि सगळ्या स्टाफरूमवर नजर फिरवायचे, जणू तो समीक्षक आमच्यातच चहा पीत बसलाय. दुसऱ्या पुस्तकात डोंगर होता. खाणवाल्यांनी माथा उडवला आणि खालचं पाणी गेलं, त्याच्या कविता. तिसऱ्यात आई. आई सगळं विसरत चालली आहे, लेकीचं नाव विसरली, पण पाण्याची वाट विसरत नाही. त्या पुस्तकावर बाईला मोठं बक्षीस मिळालं आणि मोठ्या कॉलेजात नोकरी लागली.

"आणि तिथे घोटाळा झाला," सर म्हणायचे. "पगार सुरू झाला नि बाय नीट बोलायला लागली." पुढच्या पुस्तकांतली भाषा त्यांना गुळगुळीत वाटायची. विमानतळावरच्या कविता, हॉटेलच्या खिडकीतल्या कविता. त्यांची मुलगी ठाण्याहून नवीन पुस्तक मागवून पाठवायची आणि सर ते वाचून चार-चार दिवस घुश्शात असायचे. प्रेम होतं म्हणून माफी होती असं नाही. बाई बिघडली की ते बिघडली म्हणायचे.

मग एकदा ते पेढे घेऊन आले. प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत फिरले. "काय सर, मुलीचं ठरलं का?" "नाही, बाय घरी आली." आम्हाला वाटलं वहिनी माहेरी जाऊन बसल्या होत्या की काय. दोघीतिघींनी तर हळहळसुद्धा व्यक्त केली. मागून उलगडा झाला. वेरा कोल्टरचं नवं पुस्तक आलं होतं आणि त्यात ती म्हातारपणी पुन्हा आपल्या आईच्या बोलीत लिहायला लागली होती. वहिनींना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या नावानं कधी पेढा आनला नाय."

या बाईच्या कविता सर आपल्या पाड्याच्या बोलीत आणत होते. पुण्याच्या मराठीत नाही, जव्हारच्या कॉलेजातल्या मराठीतही नाही. सूर्यमाळच्या चुलीपाशी बोलतात त्या बोलीत. वर्षानुवर्षं हेच काम. एकेका शब्दावर माझ्याशी वाद. तिकडच्या रानबेरीचं त्यांनी करवंद केलं, त्याला मी हरकत घेतली नाही. पण बर्फाची त्यांनी धुई केली तेव्हा माझ्यातली भूगोलाची बाई उठून बसली. मी म्हटलं, "सर, बर्फ म्हणजे बर्फ. धुक्याने छप्पर मोडत नाही, त्या कवितेत मोडलंय."

"सूर्यमाळला बर्फ पडतो का?"

"नाही पडत. म्हणून तुम्ही अमेरिकेतलाही बंद करणार का?"

सर उठून गेले. पुढे बरेच दिवस माझ्याशी अबोला. समोरासमोर आलो की छत्री दुसऱ्या हातात घ्यायचे. मग एक दिवस मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन म्हणाले, "तुमचं खरं आहे. पण बर्फ म्हटलं की आमच्या पोरांना बाजारातला गोळेवाला आठवतो, त्याला मी काय करू?" शेवटी त्यांनी "आभाळातून पडं तो बरफ" असं लिहिलं. हरल्याचा राग त्यांनी नंतर महिनाभर गोळेवाल्यावर काढला.

एकदा कॉलेजला तपासणी समिती आली. त्यातले एक गृहस्थ सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. सर वेरा कोल्टर शिकवत होते, एक ओळ इंग्रजीत, मग तीच पाड्याच्या बोलीत. पोरं खुलली होती, मध्ये मध्ये बोलत होती. तास संपल्यावर गृहस्थ म्हणाले, "तुम्ही इंग्रजीचे प्राध्यापक, आणि वर्गात ही कुठली भाषा?" सर म्हणाले, "जे पाणी भरून वर्गात येतात त्यांची." गृहस्थांनी अहवालात काय लिहिलं देव जाणे. प्राचार्यांनी मात्र सरांना बोलावून तासभर समजावलं. सर बाहेर आले ते छत्री आपटतच आले.

हा सगळा आटापिटा कोणासाठी होता, ते मला उशिरा कळलं. सरांची थोरली बहीण चांगुणाबाई पाड्यावर एकटी राहायची. सूर्यमाळला होळी झाली की पाणी संपतं. मग पाड्याखालच्या खोलगटीत एक झिरा असतो, म्हणजे खडकाच्या फटीतून झिरपणाऱ्या पाण्याचा हातभर खड्डा. बाई तिथे हंडा घेऊन बसते, पाणी जमलं की वाटीने उपसते, पुन्हा जमेपर्यंत वाट बघते. आईबाप मजुरीला खाली गेले की चांगुणा झिऱ्यावर बसायची आणि धाकटा किसन शाळेत जायचा. दोघांपैकी एकालाच जाता येत होतं. "ती वाटी धरून बसली म्हणून मी इंग्रजी शिकलो," सर एकदा म्हणाले, आणि हे सांगतानाही ते चिडलेलेच होते. त्यांना एवढंच हवं होतं, की त्या इंग्रजीतून आपण काय आणलं ते एकदा चांगुणाबाईच्या बोलीत छापून तिच्यापुढे वाचावं.

आणि वेरा कोल्टरची सगळ्यात गाजलेली कविता नेमकी त्याचीच होती. डोंगरावरचा झरा आटतो, आई तरीही बादली घेऊन जाते. इंग्रजीत झऱ्याला स्प्रिंग म्हणतात आणि वसंत ऋतूलाही स्प्रिंगच म्हणतात. कविता वाचणाऱ्याला बादली दिसली की कळायला हवं, कोणतं स्प्रिंग ते. सरांनी अर्थातच झिरा लिहिला.

शहरातल्या एका प्रकाशकाने पुस्तक काढायचं कबूल केलं. अमेरिकेहून परवानगीही त्यानेच आणली. ठरलं असं, की डाव्या पानावर पाड्याची बोली आणि उजव्या पानावर प्रमाण मराठी. सरांनी दोन्ही करून दिली. नंतर प्रकाशकाचा फोन कमी झाला, मग बंद झाला, मग एकदम प्रकाशन समारंभाची पत्रिका आली. छपाईआधीची पानं सरांना कोणी दाखवली नाहीत. मी म्हटलं, "विचारा तरी." सर म्हणाले, "आता पुस्तकच बघू." त्या आठवड्यात ते कोणावरही चिडले नाहीत. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

समारंभ जव्हारला होता. चांगुणाबाई नवं लुगडं नेसून जीपने आली होती, पहिल्या रांगेत, पाय खुर्चीवर वर घेऊन बसली होती. व्यासपीठावर शहरातले एक नामवंत कवी पाहुणे. पुस्तकावरचा रंगीत कागद सोडला गेला, फोटो निघाले, आणि पाहुण्यांनी पुस्तक उघडून डोळे अर्धे मिटून वाचायला सुरुवात केली:

"डोंगरावरून वसंत निघून गेला, कुणालाही न सांगता. आई अजूनही घट घेऊन जाते..."

सर व्यासपीठावर न बसता बहिणीजवळ, माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या हातातली छत्री खाली पडली. पाड्याच्या बोलीचं डावं पान पुस्तकातून गेलं होतं. उजव्या पानावर कोणा संपादकाने हात फिरवला होता. मूळ इंग्रजीतलं स्प्रिंग बघून झऱ्याचा वसंत झाला होता, बादलीचा घट झाला होता. कवितेला शोभेल असं करून दिलं होतं सगळं.

तेवढ्यात चांगुणाबाईने खणखणीत आवाजात विचारलं, "कोन वसंत र किसन? आपल्या पाड्यावरचा? कठं गेला, भिवंडीला?"

सभागृह हसलं. पहिल्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत हसलं. आमच्याकडे माणूस डोंगरावरून न सांगता जातो तो कामाला जातो, भिवंडीला नाहीतर वसईला. त्या बिचारीने याहून वेगळं काय समजायचं होतं? पाहुणे कवीही हसले आणि माईकमधून म्हणाले, "किती निरागस!"

सर उठले. पायऱ्या चढून वर गेले आणि पाहुण्यांच्या हातातून माईक घेतला. मी त्यांना पुष्कळदा चिडलेलं पाहिलं होतं, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढलाच नाही, आणि त्यामुळे भीती वाटली. ते म्हणाले, "निरागस नाही ती. तिने बरोबर विचारलं. कोण हा वसंत? मी याला ओळखत नाही. माझ्या कवितेत हा नव्हता. त्या बायच्या कवितेतही नव्हता. हा कोणी घुसवला ते व्यासपीठावर बसलेल्यांनी सांगावं."

 प्रकाशक पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत बसले. मग सरांनी सभागृहाकडे पाठ केली असं नाही, पण ते बोलले फक्त पहिल्या रांगेशी. कविता तोंडपाठ होती त्यांना.

"झिरा डोंगर सोडून गेला, कोनाला सांगला नाय. आय आजून बादली घेऊन जाते, रिकाम्या बिळात वाकून बघते, नि म्हनते, येशील ना उद्या?"

चांगुणाबाईने पाय खाली घेतले. "आगं बय," ती म्हणाली, "हा तं आपला झिरा." आणि तोंडाला पदर लावला.

सर माईकवर म्हणाले, "हे पुस्तक कोणी विकत घेऊ नका," आणि बहिणीला घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, "प्रकाशनप्रसंगी अनुवादक भावुक." भावुक! माणूस संतापला होता आणि यांनी त्याला भावुक करून टाकलं. आमच्याकडच्या माणसाचा राग कोणाला दिसतच नाही. तो रडला तर फोटो काढतात, नाचला तर फोटो काढतात, चिडला की म्हणतात भावुक झाला. मला आजही ती बातमी आठवली की काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

प्रकाशक म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. बोलीची पानं का गाळली, तर कागद महाग झालाय आणि वाचक गोंधळतो. सरांनी भांडून पाहिलं, पण करार वाचला तर त्यात आवश्यक ते संपादन करण्याचा हक्क त्यांनी लिहून दिलेला होता. पुस्तक मात्र गाजलं. परीक्षणांमधून वसंताचं कौतुक झालं. कॉलेजात वसंत नावाचे एक शिपाई होते, सर त्यांना आडनावाने हाक मारायला लागले. ते एकदा माझ्याकडे कळवळून आले, "मॅडम, सर माझ्यावर का रागावलेत? माझं काय चुकलं?" त्यांना मी काय सांगणार? म्हटलं, तुमच्या आईवडलांनी नाव ठेवताना विचार केला नाही.

यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण ती कविता पुढे पदवीच्या मराठीच्या पेपरात लागली, "अनुवादित कविता" या प्रकरणात. खाली नाव किसन झुगरे. आमच्याकडे मराठीची एक जागा कित्येक वर्षं रिकामी होती, तो तास सरांकडेच आला. म्हणजे ज्या ओळीला त्यांनी भर सभेत नाकारलं, तीच ओळ त्यांनी स्वतःच्या नावानिशी फळ्यावर लिहायची. सरांनी पहिल्याच तासाला पोरांना सांगितलं, हे खोटं आहे, झिरा लिहा. पोरांना ते लगेच पटलं, कारण निम्मी पोरं झिऱ्यावरूनच आलेली. परीक्षेत प्रश्न आला, कवयित्रीने वसंत ऋतूचं वर्णन कसं केलं आहे? पोरांनी मनापासून झिऱ्याचं वर्णन लिहिलं. तपासणाऱ्यांनी भोपळा दिला.

निकालानंतर पोरं सरांभोवती जमली. त्यात एक मुलगी होती, तिची शिष्यवृत्ती त्या पेपराने गेली. ती रडली नाही, भांडली. "सर, तुमचं ऐकून लिहिलं. आता घरचे म्हणतात पुरे शाळा."  सरांनी नंतर विद्यापीठाला अर्ज केले, फेरतपासणी मागितली, जाऊन भांडले. उत्तर आलं, की छापील पाठ्यपुस्तक प्रमाण मानलं जाईल. कवितेचा अनुवादकच सांगतोय की छापलेलं चुकीचं आहे, तर म्हणे छापील प्रमाण! अशा माणसांना त्या झिऱ्यावर एक दुपार वाटी देऊन बसवावं, मग त्यांनी ठरवावं प्रमाण काय ते.

पुढच्या वर्षी मी त्यांच्या वर्गावरून जात होते. दार उघडं होतं. सर फळ्याकडे तोंड करून सांगत होते, "लिहून घ्या. वसंत ऋतू हे आशेचं प्रतीक आहे. कवयित्रीने घटाच्या प्रतिमेतून..." पोरं खाली माना घालून लिहीत होती. मग खडू ठेवून म्हणाले, "हे परीक्षेत लिहायचं. घरी गेल्यावर झिरा म्हणायचं. आणि मला कोणी काही विचारायचं नाही." मी तिथून पटकन निघून गेले. मला ते बघवलं नाही. हा माणूस आयुष्यभर विचारत आला, हा शब्द कोणाच्या तोंडातला, आणि त्याच्याच तोंडात दुसऱ्याचा शब्द कोंबला होता. पोरांचे मार्क त्याच्यापेक्षा मोठे ठरले, आणि तेही बरोबरच होतं, त्याचाच तर जास्त राग येतो.

त्यानंतर सर स्टाफरूममध्ये फारसे आले नाहीत. निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ घेऊ दिला नाही. मोखाड्याची खोलीही त्यांनी सोडली आणि पाड्यावर जाऊन राहिले. वहिनी मुलीकडे ठाण्याला गेल्या, म्हणाल्या, "मला नाय झेपत तिथलं पानी."

माझी त्यांची शेवटची भेट झाली ती ऐन मे महिन्यात. मी विद्यार्थ्यांना घेऊन सूर्यमाळला पाण्याच्या पाहणीसाठी गेले होते. पोरं पाड्यापाड्यांत पांगली आणि मी सरांचं घर विचारत खाली उतरले. घराला कुलूप नव्हतं, माणूसही नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, "मास्तर झिऱ्यावर."

खोलगटीत हंड्यांची रांग होती. रांगेच्या तोंडाशी सर उकिडवे बसले होते, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात जर्मनची वाटी. बाजूच्या दगडावर चांगुणाबाई. तिचे गुडघे सुजले होते, तिला खाली वाकता येत नव्हतं, म्हणून पाणी आता सर भरत होते. मी पोचले तेव्हा पाणी संपलं होतं, ते पुन्हा जमेपर्यंत सगळ्या बायका थांबल्या होत्या, आणि सर त्यांना वेरा कोल्टर सांगत होते. पाठ्यपुस्तक नाही, कागद नाही. पाड्याच्या बोलीत, तोंडाने. बायकांना ती चांगली ओळखीची होती. एकीने विचारलं, "मंग त्या बायच्या आयला पानी गावला का?" सर म्हणाले, "नाय गावला." ती म्हणाली, "टँकर नाय येत तिकडं?" दुसरी म्हणाली, "हिकडं येतो का?" आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यावर सर चिडले नाहीत.

मला बघून त्यांनी वाटी हलवली. "या, पाणीवाल्या. यंदा साखरशेतच्या विहिरीत किती आहे?" मी खरं ते सांगितलं, की खडक दिसतोय. त्यांनी मला दगडावर जागा करून दिली.

 चांगुणाबाईने भावाकडे बघितलं. "किसन," ती म्हणाली, "त्या बायचा झिरा तू माना सांगलास. माझा झिरा तिला सांगलास का?"

सर म्हणाले, "तिला कसा सांगू? ती किती लांब."

"तं तिचा हिकडं कसा आला?"

 ते बहिणीकडे बघत राहिले, मग त्या बिळाकडे. वेरा कोल्टर जिवंत होती, ती शिकवते त्या कॉलेजचा पत्ता तिच्या प्रत्येक पुस्तकाच्या मागे छापलेला होता. तिला या कोपऱ्यातून कोणी काही सांगावं हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. सगळं तिकडून इकडे आणायचं, एवढंच आम्ही शिकलो होतो.

"सांगतो," सर म्हणाले. "इंग्रजीत सांगतो. आत्ता सांगतो." ओठ हलायला लागले. दोन-चार शब्द झाले असतील, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "मॅडम! झिऱ्याला इंग्रजीत काय म्हणायचं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "स्प्रिंग."

"बघा! तेच!" ते कडाडले. रांगेतली बाई दचकली. "म्हणजे मी हिचा झिरा लिहायचा आणि तिकडचा कोणीतरी दीडशहाणा वाचून म्हणणार, अरेरे, बाईचा वसंत गेला! काय भाषा आहे की काय! सगळं जग जिंकलं म्हणे, आणि घरात साधा झिरा नाही!"

मी भूगोलातला एक शब्द सुचवला. "सीप म्हणा."

"सीप म्हणजे गळती. माझ्या बहिणीचा अख्खा जन्म या झिऱ्यावर गेला, आणि याला गळती म्हणू?"

खाली बिळात पाणी चढलं होतं. कोणीतरी म्हणालं, "मास्तर, पानी आला." सरांचं लक्ष नव्हतं. वर माझी पोरं हाका मारत होती, जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी चांगुणाबाईच्या पाया पडले आणि चढ चढायला लागले. वर येऊन मागे पाहिलं तर सर तसेच बसले होते, हातात रिकामी वाटी, आणि एकेक इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणून त्याला मोडीत काढत होते. मागे बायकांची रांग खोळंबली होती.

"आदी वाटी भर," चांगुणाबाई ओरडली. "मंग भांड तिकडच्यांशी!"